चोथ्यावरची मेंढरं

चौसाळ्याच्या अलीकडं, हायवेला लागून भागवतनं पत्र्याचं शेड टाकलं आणि शिवारातला पाला नाहीसा झाला. फुलकोबीचा, मुळ्याचा, बिटाचा, सगळा. भागवत तो दळायचा, स्पिरिटात भिजवायचा आणि हिरवा अर्क पिंपात उतरवायचा. त्याची पूड ताकदीच्या गोळ्यांत भरून पुण्याला जायची. पाल्यातलं जे म्हणून अंगी लागतं, ते पिंपात.

आधी हा पाला बजरंग धनगराच्या मेंढरांचा. मेंढरं रानात बसवायची, लेंड्या शेताला, पाला मेंढरांना, अशी वहिवाट होती. बजरंग शेडवर गेला.

"माझ्या मेंढरांनी काय खायचं बे? उन्हाळा काढायचा हाय."

"चोथा ने की, फुकट."

"त्यात काय ऱ्हायलंय?"

"पोट भरंल. मेंढराला काय कळतंय?"

मेंढरांनी चोथा खाल्ला. पोटं नगाऱ्यासारखी फुगली, पण एकही मेंढरू रवंथ करीना. बजरंगाच्या बायकोनं, वनमालानं, ते आधी हेरलं.

"आवं, ही खाऊन उपाशीच हायती. वरडत कावून न्हाईत?"

मग मेंढरांनी बाजेचं सुंभ खाल्लं. वाळत घातलेलं लुगडं खाल्लं. लिंबाची साल, एकमेकांची लोकर. माझ्या टोपीचा काठ बघा, खोटं वाटत असेल तर. सगळं मुकाट्यानं.

एका दुपारी कळप आपणहून उठला आणि शेडकडं चालू लागला. बजरंगानं हाळ्या दिल्या, काठी आपटली. एकानंही मान वळवली नाही.

भागवत कोपरापर्यंत पिंपात हात घालून अर्क ढवळत होता. दारात मेंढरं दिसताच त्यानं झाकण लावलं आणि वर चढून बसला.

"बजरंग्या, आवर ही!"

"पिंप आडवं कर, भागवत! मरत्याल माझी!"

"येडा हाय का बे? लई महाग माल हाय!"

मेंढरांनी झाकण हुंगलं. मग माना वर केल्या. शेडात उघडं हिरवं एवढंच राहिलं होतं: भागवतचे हात.

एका मेंढरानं जीभ लावली. मग दुसऱ्यानं. भागवत ओरडला नाही. जिभा मऊ असतात.

सगळ्यांचं चाटून झालं तेव्हा मेंढरं खाली बसली आणि निवांत रवंथ करू लागली. उन्हाळा त्यांनी सुखानं काढला.

भागवत भेटला तर तळवे बघा. काचेसारखे गुळगुळीत. एका ज्योतिष्यानं हात हातात घेतला आणि तसाच सोडून दिला. आयुष्याची रेघसुद्धा उरलेली नाही.

ती मेंढरांच्या तोंडात आहे. अजून चघळतायत.