रोही उघड्यावर का आले

अकोटच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी नत्थुजीचं शेत होतं. शेतातली वेचणी त्याची थोरली भावजय माणिकबाई पाहायची. नवरा गेल्यापासून बारा वर्षं तिनं ते रान राखलं होतं. डुकरं कुठल्या वाटेनं ज्वारीत शिरतात, दुपारी रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप नाल्यातल्या कोणत्या पळसाखाली बसतो, हे तिला घरातल्या भांड्यांसारखं ठाऊक होतं.

त्या साली समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई पेटून तिकडचा कापूस बंद झाला होता, म्हणे, आणि इकडे कापसाला सोन्याचा भाव आला होता. ज्यानं त्यानं पडीक रानं फोडली, झुडपं तोडली. नत्थुजीनंही पार नाल्याच्या काठापर्यंत कापसाची पऱ्हाटी पेरली.

आणि ऐन वेचणीत डुकरं यायची थांबली.

"वैनी, यंदा देव पावला," नत्थुजी खुशीत म्हणाला. "आठ दिवस झाले, ज्वारीचं एक ताट मोडलं नाई."

माणिकबाईला मात्र अन्न गोड लागेना. पाणवठ्याच्या चिखलात खुरांचे ताजे ठसे दिसत नव्हते. रोही नाला सोडून गाडीवाटेलगतच्या उघड्या माळावर आले होते, तेही भर दिवसा. एरवी माणसाच्या खोकल्यानं उधळणारं ते जनावर; पण कापसाच्या गाड्या खडखडत जवळून गेल्या तरी जागचं हलत नव्हतं. रोही धड चरतही नव्हते. एक घास घ्यायचे, की माना वर करून नाल्याकडे बघत राहायचे.

"भाऊजी, नाल्यात वाघ हाये."

"तुमी पायला?"

"मी नाई पायला, रोह्यायनं पायला. त्यायले आपला धाक हायेच. पण त्याच्याहून मोठा धाक नाल्यात बसला, म्हणून थे आपल्याजवळ येऊन उभे हायेत."

"मले एक पाऊल दाखवा, मंग बोला." दगडासारख्या वाळलेल्या काळ्या जमिनीवर पाऊल कुठून उमटणार? "परवा अब्दुल सत्तार व्यापाऱ्याच्या गाड्या कापूस न्याले येतेत. बोंडं फुटून लोंबून राहिली. उद्या नाल्याकडचा तुकडा वेचाचा."

शेत त्याचं, शब्द त्याचा. माणिकबाई गप्प बसली, आणि मग त्या गप्प बसण्याचाच तिला राग येत राहिला.

सकाळी अकरा बाया घेऊन ती तुकड्यात उतरली. "जोडीनं राहा. तोंड चालू ठेवा. एकटी कोणी पुढे जाऊ नोका," तिनं बजावलं. नाल्याकडची शेवटची ओळ तिनं स्वतः घेतली. शेजारच्या ओळीला सत्यवती होती, नुकतीच लग्न होऊन गावात आलेली. माणिकबाईचे हात बोंडांवर चालत होते, कान नाल्याला लागलेले. काठावरच्या उंबरावर वांदरं बसली होती. खाली पिकल्या उंबरांचा सडा पडला होता, पण एकही वांदर उतरत नव्हतं. सगळी शेंड्याला, सगळ्यांची तोंडं एकाच जागेकडे.

मग त्यांच्यातला थोराड हुप्प्या खाकरला. पुन्हा खाकरला.

वाघ दिसला की हुप्प्या असाच खाकरतो, हे माणिकबाईला ठाऊक होतं. "उठा! गाठोडी राहू द्या. पळू नोका, पाठ दाखवू नोका. माझ्याकडे या."

बाया एकमेकींना बिलगून मागे सरकू लागल्या. तेवढ्यात शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून नत्थुजी तणतणत आला. "काम काहून थांबवलं? वांदरं खोकलली म्हणून?" कोणी उत्तर द्यायच्या आत तो पुढे गेला आणि पडलेलं गाठोडं उचलायला वाकला.

वीस हातांवरचं पिवळं गवत उठून उभं राहिलं. वाघीण होती. तिच्यामागे अर्धं खाल्लेलं रोह्याचं धूड पडलं होतं. तिनं हुंकार दिला आणि नत्थुजी वाकलेला तसाच थिजला.

"भाऊजी, सरळ उभे व्हा! वाकलेला माणूस तिले जनावर वाटते!" माणिकबाई किंचाळली. तिनं पाण्याचा पितळी गुंड उचलून दगडावर आपटायला सुरुवात केली, तशा सगळ्या बाया एकदम ओरडू लागल्या. वाघिणीनं कान मागे पाडले. किती वेळ ती तशी बघत होती, कोण जाणे. मग ती वळली आणि नाल्यात उतरली. नत्थुजी उलट्या पावलांनी बायांपाशी आला.

तो तुकडा मग कोणी वेचला नाही. कापूस गळून मातीत गेला.

सत्यवतीला त्याच दिवशी ताप भरला. माणिकबाई तिच्याजवळ जाऊन बसली, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मावशी, मले थे आधीच दिसली होती. सकाळीच. गवतात कान हालले."

"मंग बोलली काहून नाई, बाई?"

"मालकानं तुमचं ऐकलं नाई. माझं कोण ऐकते?"

माणिकबाईनं तिच्या कपाळावरची फडक्याची घडी पाण्यात बुडवली, पिळली, पुन्हा ठेवली.

घरी आल्यावर ती ओसरीवर नत्थुजीसमोर उभी राहिली. "पुढच्या साली नाल्याचा काठ पेराचा नाई. पडीक सोडाचा," ती म्हणाली. बारा वर्षांत पहिल्यांदाच तिनं त्याला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. नत्थुजीनं खाली बघत मान हलवली.