जाळी नसलेला पट्टा

लोहारा गावच्या कापसाच्या जिनिंगमध्ये शीलाच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनच्या पट्ट्यात गेली, तेव्हा सुपरवायझर देवीलालनं पोलिसांना सांगितलं, "बाई मोबाईल पाहून राह्यली होती." मोबाईल तर गेटवरच काढून घेत! पट्ट्यावर जाळी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तोंड कुणी उघडलं नाही, आणि शीलाचं काम गेलं.

देवीलालला खुर्चीवरून खाली ओढायचं, एवढंच तिच्या डोक्यात राहिलं.

एक दिवस तिच्याबरोबर काम केलेली बेबीताई सांगत आली, "परदेशातले कापूस घेणारे येणार हायेत. मालक भिंतीले चुना मारून राह्यला."

शीला जिनिंगमधल्या बायांच्या घरोघरी फिरली. कुणी दार लावून घेतलं. कुणी म्हणालं, "आमचं पोट कोण भरीन?" ती वाद घालत नसे, नुसता तीन बोटांचा पंजा पुढं करी.

पाहुणे आले त्या सकाळी मशीन सुरू झाली, पण एकही बाई पट्ट्याजवळ गेली नाही. देवीलाल आधी ओरडला, मग हात जोडू लागला. बेबीताई पाहुण्यांपुढं उभी राहिली. "पयले जाळी लावा. मंग हात लावतो."

सौदा थांबला. इतकी वर्षं 'परवडत नाही' म्हणणाऱ्या मालकानं आठवड्यात जाळ्या बसवल्या, आणि सगळं खापर देवीलालवर फोडून त्याला हाकललं.

शीला मुद्दाम गेटवर जाऊन उभी राहिली. डबा घेऊन तो मान खाली घालून बाहेर आला, तसं तिचं काळीज थंड झालं.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "जाळी मीच मागतली होती. मालक म्हणे, काम मंदावते. मोबाईलचं बी त्यानंच बोलाले लावलं."

तिचा थंडावा कुठल्या कुठं गेला. दया मात्र आली नाही.

"तवा काहून नाही बोलला?"

"नोकरी होती."

"आता तं नाही ना? चाल. हेच ठाण्यात सांग."

"मालक मले जगू देणार नाही, शीलाबाई."

"मी तरी कुठं देऊन राह्यली?"

तिनं ऑटो थांबवला. त्याला आत बसवलं आणि तो मध्येच उतरू नये म्हणून स्वतः कडेला बसली.

त्याच्या जबाबावर मालकावर गुन्हा दाखल झाला. देवीलालला मात्र पुन्हा कुठल्याच जिनिंगनं ठेवलं नाही. शीलाच्या कानावर ते आलं, तेव्हा ती भाकरी थापत होती. तिनं भाकरी उलटली, बस्स.