पाच पायऱ्यांपुरतं वजन

काट्याची सुई आधी सत्तेचाळीसच्या पुढे गेली, थरथरत मागे आली आणि सेहेचाळीसच्या रेघेच्या किंचित अलीकडे थांबली. पूर्णिमा पाय जुळवून उभी होती. तिच्यासमोर तिच्या सासूबाई, विजयमालाबाई, गुडघ्यांवर हात टेकून वाकून बघत होत्या.

"किती?"

"पावणेसेहेचाळीस."

"बांगड्या धरून?"

"हो."

"म्हंजे साडेपंचेचाळीस धर." विजयमालाबाई कंबरेवर हात ठेवून सरळ झाल्या. "झेपंल त्याला. चहा नको घेऊस आता. आल्यावर घे."

वजनकाटा खरं तर दिग्विजयसाठी आणलेला होता. मूत्रपिंड बदललेल्या माणसाचं वजन रोज ठरावीक वेळी घ्यायचं; एका दिवसात किलोभर वाढलं तर लगेच डॉक्टरांना फोन करायचा. शरीर नवं मूत्रपिंड नाकारू लागलं की आधी पाणी साठतं. पूर्णिमा रसायनशास्त्रातली एम.एस्सी. होती. नवरा दवाखान्यातून घरी आला त्याच दिवशी तिने एका वहीत रकाने आखले : तारीख, वजन, ताप, लघवी, गोळ्या. अकरा आठवड्यांत त्यातलं एकही घर रिकामं राहिलं नव्हतं. गेल्या महिन्यात सासूबाईंनी वहीच्या शेवटच्या पानावर तिच्याकडून आणखी एक रकाना आखून घेतला. तो तिच्या स्वतःच्या वजनाचा. त्यातला पहिला आकडा एक्कावन्न होता.

दिग्विजयला बसवलेलं मूत्रपिंड तिचं होतं.

नवस सासूबाईंनी बोलला होता, डायलिसिस चालू असताना, दवाखान्याच्या जिन्यात. सहा वर्षांपूर्वी लग्न झालं तेव्हा दिग्विजयला वाय-टू-केच्या सॉफ्टवेअर कामासाठी चौथ्या दिवशी अमेरिकेचं विमान होतं. त्या घाईत जेजुरी राहिली. नव्या नवऱ्याने बायकोला उचलून खंडोबाच्या पाच पायऱ्या चढायच्या, तेही राहिलं. देव विसरत नाही, असं विजयमालाबाईंचं म्हणणं होतं. धायरीत त्यांच्या दोन पिढ्या शेतात गेल्या, आता शेतावर इमारती उभ्या होत्या. पण देव तोच होता. लेक उठला तर बायकोला उचलून पाच पायऱ्या चढेल, असं त्या देवाला बोलून बसल्या.

डॉक्टर म्हणाले होते, तीन महिने पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही.

"अजून दोन आठवडे थांबू," पूर्णिमा एकदाच म्हणाली होती.

"पुढच्या महिन्यात विश्वजीतला बघायला लोक यायचेत. देवाचं देणं ठेवून पोराचं लग्न ठरवू व्हय?" सासूबाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं होतं. "तूच जरा हलकी हो की."

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळची पोळी पूर्णिमाने स्वतःच बंद केली.

गाडी विश्वजीत चालवत होता. तो दिग्विजयचा धाकटा भाऊ. हिंजवडीला नोकरी करायचा आणि गाडी त्याचीच होती. दिग्विजय पुढे बसला, तोंडाला मास्क लावून. पाय लांब करता यावेत म्हणून त्याची सीट पूर्ण मागे सरकवली होती. तिच्यामागे पूर्णिमा गुडघे तिरपे करून बसली, मांडीवर नारळाची आणि औषधांची पिशवी. तिची जखम डावीकडे होती, बरगडीखालून पाठीपर्यंत. कोपर तिच्यावर येऊ नये म्हणून तिने पिशवी उजव्या मांडीवर घेतली.

कात्रजपर्यंत बायपास बरा होता. पुढे कोंढव्याला गतिरोधक लागले. प्रत्येक गतिरोधकाला विश्वजीत गाडी जवळजवळ थांबवायचा.

"दादा, लागलं?"

"नाही रे. चल."

बोपदेव घाटाच्या पायथ्याशी पूर्णिमाने पाण्याची बाटली काढली. राहिलेल्या एका मूत्रपिंडासाठी तिला दिवसाला तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं होतं. झाकण उघडताच शेजारी बसलेल्या सासूबाईंनी मान वळवली.

"आता कशाला? पाण्यालाबी वजन असतंच की."

"अर्धा लिटर म्हणजे अर्धा केजी," विश्वजीत आरशातून म्हणाला. "सायन्स आहे, वहिनी. तुमचाच सब्जेक्ट."

पूर्णिमाने झाकण लावलं.

"बाय द वे, एक किडनी किती ग्रॅमची असते?"

"दीडशेच्या आसपास."

"बघ आई! दीडशे ग्रॅमचा डिस्काउंट आधीच मिळालाय दादाला."

"डिस्काउंट कसला?" दिग्विजयचा आवाज मास्कमधून जाड यायचा. "ते दीडशे माझ्यातच आलेत. उचलायचे मलाच आहेत."

तिघंही हसली. विजयमालाबाईंनी डोळ्याला पदर लावला. लेकाला त्यांनी बऱ्याच दिवसांनी विनोद करताना ऐकलं होतं. पूर्णिमाने घड्याळ बघितलं. आठ वाजले होते. तिने पिशवीतून दोन गोळ्या काढून पुढे केल्या आणि दिग्विजयने मागे न बघता तळहात पसरला.

विश्वजीतचा रक्तगट भावाशी जुळत होता. डॉक्टरांनी पहिल्यांदा त्याचंच नाव घेतलं होतं. तेव्हा विजयमालाबाई म्हणाल्या होत्या, "त्याचं लग्न व्हायचंय अजून." मग सगळ्यांनी पूर्णिमाकडे बघितलं होतं. तिचं लग्न झालेलं होतं.

दवाखान्यात एका डॉक्टरीणबाईंनी तिला एकटीला आत बोलावून विचारलं होतं, "स्वखुशीने देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?" तिने नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरं होतं. दिग्विजयचा आजार कळायच्या थोडं आधीच ती घर सोडायचं ठरवून बसली होती. ती खडकीला एका प्रयोगशाळेत नोकरी करायची. एका सोमवारी ती कामावर पोचली तेव्हा तिच्या टेबलावर दुसरी मुलगी बसलेली होती. दिग्विजयने शुक्रवारीच साहेबांना फोन करून तिचा राजीनामा कळवला होता. घरी येऊन तिने विचारलं तेव्हा टीव्हीचा आवाज कमी न करता तो म्हणाला, "तुला सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस." त्याच आठवड्यात तिची मैत्रीण सुहासिनी कॅनडाला गेली आणि जाताना वारज्याच्या आपल्या एका खोलीच्या घराची किल्ली तिच्या हातावर ठेवून गेली. अकरा दिवसांनी दिग्विजयचे रिपोर्ट आले. मरणाऱ्या माणसाला सोडून जाता येत नाही, हे पूर्णिमाला एखाद्या समीकरणासारखं स्पष्ट दिसलं. आधी त्याला जगवावं लागणार होतं.

किल्ली पर्सच्या आतल्या कप्प्यात होती. चौदा महिने.

जेजुरीला मंगळवार असल्याने गर्दी बेताची होती. पायऱ्यांवर भंडाऱ्याचा पिवळा थर बसला होता आणि त्यावर पावलं उमटली होती. विश्वजीतने कॅमेरा गळ्यात अडकवला. पायथ्याशी एका म्हाताऱ्या पुजाऱ्याने त्यांना थांबवलं आणि दिग्विजयच्या मास्ककडे बघितलं.

"नवी जोडी?"

"सहा वर्षं झाली," विजयमालाबाई म्हणाल्या. "देवाचं राहिलं होतं. लेक मरणातनं उठलाय माझा."

"मग एकच पायरी करा. देव मानून घेतो. आजारी माणसाला सूट हाय."

पूर्णिमाने दिग्विजयकडे बघितलं. तो पुजाऱ्याकडे बघत होता.

"पाच बोललेय मी," विजयमालाबाई म्हणाल्या.

"पाचच करू," दिग्विजय म्हणाला. "उगाच नंतर कटकट नको."

त्याने बाह्या सारल्या. पूर्णिमाने चपला काढल्या, पर्स सासूबाईंकडे द्यायला पुढे केली आणि मग परत खांद्यालाच लावली. दिग्विजय वाकला. त्याचा एक हात तिच्या गुडघ्यांखाली गेला, दुसरा पाठीमागून डावीकडे, बरोबर टाक्यांवर. तिच्या डोळ्यांपुढे क्षणभर पांढरं झालं.

तिने अंग सैल सोडलं नाही. सैल अंग जास्त जड लागतं. तिने दोन्ही हात त्याच्या मानेभोवती घट्ट घेतले आणि आपला सगळा भार त्याच्या छातीजवळ आणला, म्हणजे त्याच्या पोटावर ताण कमी येईल. तिचा कान त्याच्या गळ्याला टेकला होता. ती त्याचा श्वास मोजत होती.

"एक!" विश्वजीत ओरडला. "दादा, इकडे बघ. वहिनी, स्माइल!"

दुसऱ्या पायरीवर बोटं टाक्यांत आणखी रुतली. तिसरीवर तो थांबला, पाय नीट रोवून पुन्हा निघाला. चौथीवर त्याच्या कपाळाला घाम आला. पण श्वास तुटला नाही, गुडघे कापले नाहीत. पाचवीवर त्याने तिला खाली ठेवलं. कोणीतरी भंडारा उधळला. "यळकोट यळकोट, जय मल्हार!" आजूबाजूच्या चार अनोळखी माणसांनीही साथ दिली. पूर्णिमाने घाईने पदर धरून भंडारा त्याच्या तोंडाजवळून उडवून लावला.

विजयमालाबाई धापा टाकत वर आल्या. त्यांनी लेकाच्या पोटावर अलगद हात ठेवला.

"ओढ लागली का रं? दुखतंय कुठं?"

"डावीकडे जरा..." पूर्णिमाच्या तोंडून निघून गेलं.

"तुला न्हाय. त्याला इचारलं."

"काहीच नाही गं," दिग्विजय म्हणाला. मास्क खाली ओढून तो हसला. गाल भरले होते, ओठांना रंग होता. "रिकामी पिशवी उचलल्यासारखं वाटलं."

"पुण्याई हाय," विजयमालाबाई म्हणाल्या आणि देवळाच्या दिशेने हात जोडले.

पूर्णिमाने त्याचं मनगट धरलं. नाडी शहाण्णव. दोन मिनिटांनी पुन्हा मोजली. चौऱ्याऐंशी. तिने पायरीवर बसून वहीत दोन्ही आकडे लिहिले. मग शेवटचं पान उघडलं आणि आपल्या रकान्यातल्या सकाळच्या आकड्याखाली पट्टी धरून एक सरळ रेघ ओढली. कॉलेजात प्रयोग संपला की ती अशीच रेघ ओढायची.

परतताना सासवड मागे पडल्यावर तिने बाटली तोंडाला लावली आणि हळूहळू, न थांबता, तळ दिसेपर्यंत प्यायली.

"पी बाई," विजयमालाबाई मायेने म्हणाल्या. "आता हवं तेवढं पी. संध्याकाळी पोळीबी खा दोन. रविवारी पाव्हणे यायचे, तुझं असं तोंड बघून म्हणतील, ह्या घरात सुनंला जेवायला घालत न्हाईत."

"मुलीच्या घरच्यांना किडनीचं सांगायचंय का?" विश्वजीतने विचारलं.

"काय गरज हाय? देणाऱ्याला कुणी इचारत न्हाय. दिग्याचंबी मुतखडा म्हणून सांगू."

"आणि ती वही तेवढी चालू ठेव," दिग्विजय पुढून म्हणाला. "डॉक्टर म्हणालेत, वर्षभर."

"पहिल्या पानावर सगळं लिहिलंय," पूर्णिमा म्हणाली. "कोणती गोळी किती वाजता, ताप किती झाला की कोणाला फोन. घरातल्या कोणालाही कळेल असं लिहिलंय."

"दुसऱ्या कोणाला कशाला कळायला हवं? तू आहेसच की."

तिने वही सासूबाईंच्या मांडीवर ठेवली. त्यांनी ती प्रसादाच्या पुडीखाली सरकवली आणि डोळे मिटले. दिग्विजयने सीट आणखी थोडी मागे घेतली. कात्रज गेलं. आंबेगाव गेलं. नऱ्ह्याजवळ ट्रकांमागे गाडी रेंगाळली तेव्हा पूर्णिमाने पर्सची चेन उघडली आणि किल्ली बाहेर काढली. तिची एक बाजू गंजली होती. बोटाला तपकिरी डाग लागला. तिने तो पदराला पुसला.

पुढे धायरीचा फाटा दिसू लागला. विश्वजीतने डावीकडचा इंडिकेटर लावला. तो टिकटिक वाजू लागला.

"भाऊजी, वळू नका. सरळ घ्या."

"सरळ? सरळ तर वारजे, वहिनी."

"हो. मला तिथे सोडा."

विजयमालाबाईंनी डोळे उघडले. दिग्विजयने मान वळवली नाही. फक्त पुढच्या आरशात त्याचे डोळे वर आले.

"वारज्यात कोण आहे?"

"कोणी नाही," पूर्णिमा म्हणाली. "मी राहायला जातेय. आता धायरीला येणार नाही."