भोंग्यातून गेलेलं बोलणं

मित्रांनो, बोदलकसा तलावाच्या अलीकडे आमचं गाव आहे. तिथल्या शाळेच्या छपरावर तोंड वासून बसलेला जुना भोंगा दिसतो ना, तो मी. अंग गंजलंय, पण आवाज अजून खणखणीत! गोंदियाच्या दुकानातून निघालो, मंडईच्या जत्रांत आणि लग्नांत राबलो. म्हातारा झालो तेव्हा मंडपवाल्या सुकरामने मला शाळेला देऊन टाकलं.

इथे माझं काम सकाळच्या परिपाठाचं. पोरं माइकवर बातम्या वाचतात. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत चिखलात वाकलेल्या बायांना आपल्या लेकराचा आवाज कानी पडावा, म्हणून गावाने माझं तोंड शेतातल्या धानाच्या बांध्यांकडेच करून ठेवलंय. एकदा पटले सर माइकवरूनच दुर्गेशला "शाब्बास रे वाघा!" म्हणाले, तर त्याचा बाप आठवडाभर मिशीला पीळ देत फिरला. असा मी कामाचा!

पण यंदा घात झाला. त्या दिवशी बातम्या वाचायची पाळी लीलाबाईच्या प्राचीची होती. वाचता वाचता ती एका शब्दाला अडली आणि पोरं फिदीफिदी हसली. पटले सर माणूस वाईट नाहीत, पण त्यांच्या जिभेला हाड नाही. माइक हातात धरूनच म्हणाले, "बस झालं! तुझ्याच्यानं हे होणार नाही. उद्यापासून आईसोबत रोवणीलाच जा."

मी तरी काय करणार? जसं आलं तसं पुढे फेकलं. बांध्यांतल्या बाया काम सोडून ताठ उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवसापासून प्राची खरंच रोवणीला जाऊ लागली. शाळेत चल म्हटलं की म्हणायची, "सरनंच सांगतलं ना."

पोरीची शाळा सुटते की काय, या भीतीने माझा जीव तुटत होता. सरांनाही चैन नव्हतं. त्यांनी लीलाबाईला बोलावून पडवीत हळूच सांगितलं, "रागात निघून गेलं तोंडातून. माफ करा. पाठवा तिला."

लीलाबाई फटकन म्हणाली, "गुरुजी, बोलले तुमी भोंग्यातून, अन् माफी पडवीत मांगून राहिले? साऱ्या गावानं आयकलं. आता कोणत्या तोंडानं येईल माही पोरगी?"

दुसऱ्या सकाळी परिपाठाला सरांनी माइक हातात घेतला.

"प्राची, ऐकतेस ना? मी चुकलो. तू अडलीस म्हणजे तुला येत नाही, असं नाही. तुझी बातमी अर्धी राहिली आहे. ये, पूर्ण कर. लागेल तेवढा वेळ घे."

दूर बांधीत प्राची नुसती उभी राहिली. लीलाबाईने तिच्या हातातली रोपांची जुडी काढून घेतली आणि तिला शाळेच्या वाटेला लावलं.

मित्रांनो, मला रंग द्या नाहीतर भंगारात घाला, तुमची मर्जी. पण शिकवणाऱ्यांना माझं एवढं सांगाल का? तुम्ही बोलता ते पोरं खरं मानतात हो!

बरं, मी गप्प बसतो. प्राची माइकपाशी आली आहे. ती अडली तर हसू नका, थांबा.