झोपवलेले फोन

"वहिनी, सबको सुला दोगी तो जगाएगा कौन?" हळदीकुंकवाच्या गर्दीत दाराशी उभा राहून पुष्कर म्हणाला होता. धाकट्या दिराचं नई सडकेवर मोबाइल दुरुस्तीचं दुकान. तो असं बोलणारच, म्हणून मधुवंतीने कानाआड केलं.

त्या संक्रांतीला तिने डबे-वाट्या न लुटता वेगळंच वाण काढलं होतं. येईल तिच्या फोनची बॅटरी दोन दिवस टिकेल अशी करून द्यायची. उजेड कमी, लोकेशन बंद, आणि मागे गुपचूप चालणारी सगळी ॲप्स गाढ झोपेत. अकरा फोन झाले. पहिला सासूबाईंचा.

आणि आता मे महिना, दुपारचा दीड. मधुवंती हजीऱ्याच्या कॉलेजात परीक्षेच्या ड्यूटीवर, आणि जयेंद्रगंजच्या घरी तिची तीन वर्षांची लेक उन्नती तापात. गेल्या वर्षी तापातच तिला झटका आला होता. 'डॉक्टरांना विचारून एक वाजता औषधाचं सांगते,' असं सासूबाईंना सांगून ती निघाली होती. आता ॲपवरचा फोन 'कॉलिंग'च्या पुढे सरकेना. मेसेजला एकच खूण. साधा फोन लागायचा नाही, कारण सासूबाईंच्या सिमचा रिचार्ज संपलेला. 'घरी वायफाय आहे, मग कशाला,' हेही तिचंच म्हणणं. नवरा भोपाळला, पुष्कर माल आणायला दिल्लीला.

पेपर सोबतच्या शिखाच्या हवाली करून ती ई-रिक्षात बसली. लूची गरम झळ तोंडावर येत होती. दर मिनिटाला फोन लावत होती. सिग्नलला तिने "भैया, जल्दी" म्हटलं, ते चौथ्यांदा.

"मैडम, मेरे बोलने से बत्ती हरी होती, तो मैं रिक्शा क्यों चलाता?"

दार सासूबाईंनीच उघडलं. आत उन्नती ओला पंचा अंगावर घेऊन खरबूज खात बसली होती. मधुवंतीने तिच्या कपाळाला, मानेला, पुन्हा कपाळाला हात लावला.

"उतरलाय," सासूबाई म्हणाल्या. "एकशे तीन झाला होता. तुझी वाट पाहिली. मग सकाळच्या औषधाला सहा तास झालेत बघून तेवढंच पुन्हा दिलं, अंग पुसत बसले. तू फोन करणार होतीस."

"केला, आई. चौदा वेळा."

"वाजला नाही. समोरच ठेवलाय." त्यांनी फोन पुढे केला. "बॅटरी बघ की, एक्क्याऐंशी. कालपासून चार्जिंगला लावलासुद्धा नाही."

मधुवंतीने ॲप उघडलं, तशी तिचीच सगळी धावपळ टिंग टिंग करत एकदम आत शिरली. 'आई, कुठे आहात?' 'उचला ना.' पुष्करचं बोलणं आत्ता पोचलं. तिने तिथेच सेटिंग काढून टाकली आणि मग तिला बाकीचे दहा आठवले.

"आई, हिच्याजवळ बसा. मी सुमनताईंकडे जाऊन येते."

सुमनताई दोन घरं सोडून, एकट्या राहणाऱ्या. मुलगा मोहित कॅनडाला.

"फोन? ठीक चाललाय गं," त्या म्हणाल्या. "दोन-दोन दिवस जातो. मी आपली वाजला तरच हातात घेते. तुझंच नाव घेते. मोहितचा मात्र हल्ली आठ-आठ दिवस येत नाही. म्हटलं, बिझी असेल. नाही तर कंटाळला असेल म्हातारीला."

मधुवंतीने ॲप उघडलं. न उचललेल्या कॉलची रांग, आणि खाली मोहितचा परवाचा मेसेज: 'आई, रागावलीस का?'

तिने तो वाचून दाखवला. सुमनताईंकडे बघवेना, म्हणून फोनकडेच बघत राहिली. बॅटरी शहात्तर.

संध्याकाळपर्यंत सात फोन जागे झाले. चार राहिलेत. ग्रुपवर लिहून उपयोग नाही, ते लिहिलेलंही तिथे वाजणार नाही. म्हणून ती भेटेल त्याला सांगत सुटलीय, आणि हे वाचताय त्या तुम्हालाही: तुमच्या ओळखीत कुणी एकटी असेल आणि तिच्या फोनची बॅटरी कुणी हौसेने वाढवून दिली असेल, तर आत्ता तिला फोन लावा. नाही वाजला, तर चपला घाला आणि तिच्याकडे जाऊन बघून या.