बिनभोकांची बटणं

मास्तरांच्या शिवणाच्या दुकानात पायमशीन एक, कात्र्या तीन आणि बटणांचा डबा एकच. डबा पत्र्याचा, झाकणावरचं चित्र केव्हाच पुसून गेलेलं. हुक, तुटकी चेन, खडूचा तुकडा, हाताला लागेल ते मास्तर त्यात टाकत. लेकीचं लहानपण त्या डब्यात हात घालण्यात आणि मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात झोपण्यात गेलं. डोक्यावर मशीन एका तालात टकटकायचं आणि डोळे कधी मिटले ते कळायचंही नाही.

आता त्याच ढिगावर तिची चार वर्षांची मुलगी ठकी फतकल मारून बसली होती.

मशीनचा ताल अजून तसाच होता. चुकला होता तो मास्तरांच्या छातीतला. महिन्यापूर्वी जिना चढताना दम लागला, डॉक्टरीणबाईंनी ईसीजीची पट्टी काढली आणि सांगितलं, हृदयाचे वरचे कप्पे नीट दाबले न जाता नुसतेच थरथरताहेत. ठोके आवरायला गोळ्या आहेत. विजेचा झटका देऊन ताल जागेवर आणता येतो. नाहीच टिकला तर नळीने आत जाऊन गडबड करणारी जागा डागता येते.

"म्हणजे एक तर रोजची तुरपाई," मास्तर म्हणाले होते, "नाहीतर एकदाच कडक इस्त्री. तेही नाही जमलं तर उसवून पुन्हा शिवायचं."

बाई हसल्या. "इस्त्रीच करू. पण आधी तीन आठवडे रक्त पातळ करणारी गोळी, एकही दिवस न चुकवता. थरथरत्या कप्प्यात रक्ताची गुठळी धरते. ताल परत आला की तीच सुटून मेंदूत जाऊ शकते, मास्तर. मग उजवा हात गेला म्हणून समजा."

झटका परवावर आला होता. लेक रोज येऊन गोळ्यांचं पाकीट तपासायची. पाकिटातलं त्या दिवसाचं घर फुटलेलं दिसलं की निश्चिंत व्हायची.

"आई," ठकीने डब्यातून हात वर काढला, "हे बटण शिवायचं कसं? याला भोकंच नाहीत."

फिकट गुलाबी, गोल. लेकीने डबा ओढून पालथा केला. तसली आणखी चार निघाली. आधी तिने ठकीच्या तोंडात बोट फिरवून पाहिलं. मग मान वर केली.

मशीन थांबलं होतं.

"पाच दिवस, बाबा?"

"लागोपाठ नाही चुकवल्या," मास्तर पुटपुटले. "पांढऱ्या कापडावर बसायचं असलं तेवढ्याच दिवशी."

मशीनवर ठकीचा पांढरा फ्रॉक होता, शाळेच्या पहिल्या दिवसाचा. लेकीलाही त्यांनी तस्साच शिवला होता. घेराला हाताची तुरपाई, टाका शोधूनही सापडायचा नाही.

"गोळी घेतली की सुई नुसती टेकली तरी रक्त थांबत नाही गं. पन्नास वर्षांत मी गिऱ्हाइकाच्या कापडावर डाग दिला नाही. नातीच्या देऊ?"

"अंगुस्तान घालायचं की बोटात."

"टोपी घातलेल्या बोटाला कापड कळत नाही."

"आणि हातच गेला की कळेल?"

मास्तरांनी उजव्या हाताकडे पाहिलं. "हे बघ, परवा एकदा झटका झाला की सुटलो. पाच गोळ्यांचं काय एवढं! बाईंना नको सांगूस. उगाच तारीख जाईल."

लेकीने पाचही गोळ्या त्यांच्यापुढे मांडल्या. "मी पहिल्यांदा ब्लाउज बेतला, माप चुकलं, तेव्हा काय म्हणाला होतात? चूक झाली की कात्री लावायच्या आधी सांगायचं. नंतर सांगून कापड परत येत नाही. मला तर रडवलं होतं तुम्ही!"

"रडायला तुला निमित्तच लागायचं."

तिने नंबर लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. मास्तर उभे राहून बोलले, शाळेत छडी खाताना राहावं तसे. पलीकडून बाईंचा चढा आवाज दुकानभर ऐकू आला. परवाचं रद्द. आजपासून पुन्हा पहिल्यापासून तीन आठवडे. राहिलेल्या एकदम गिळायच्या नाहीत, आणि डब्यातल्या मुळीच नाहीत.

मास्तरांनी नव्या पाकिटातली गोळी घेतली. "आ कर," ठकी म्हणाली आणि जिभेखालीसुद्धा पाहून आली.

मग ते मशीनवरून उठले. फ्रॉक लेकीच्या मांडीवर ठेवला, सुई तिच्या हातात. "मशीनचं काम माझं. तुरपाई आता तू."

"मला कुठे तुमच्यासारखी—"

"टाका लांब पडतोय. उसव."

तिने उसवलं. पुन्हा घातला. पुन्हा उसवलं. ठकी चिंध्यांत कलंडली, तिला झोप लागावी म्हणून मास्तरांनी पुन्हा मशीनवर बसून जुन्या कापडावर ते नुसतंच चालवायला घेतलं, तेवढ्यात सुई लेकीच्या बोटात शिरली. पांढऱ्या घेरावर लाल ठिपका.

लहानपणी असं झालं की बाबा तिलाच दोऱ्याचं टोक तोंडात ओलं करून डाग टिपायला लावत. ज्याचं रक्त, त्याचीच थुंकी. दुसऱ्याच्या थुंकीने जात नाही, असा त्यांचा कायदा.

तिने दोरा त्यांच्यापुढे धरला, काहीही चुकलं की त्यांच्याकडे द्यायच्या सवयीने.

"माझी कशी चालेल?" मास्तर म्हणाले. पाय चालूच होता, आणि ताल चुकला नव्हता. "तुझी लाव."

तिने लावली. ठिपका गेला. ठकी मशीनच्या आवाजाखाली गाढ झोपली होती.