नळी धरलेली मुलगी

मुलींच्या बापांशी भांडायची मीरा मॅडमना भारी हौस. पिपरी मेघेहून रोज स्कूटीवर निघून अल्लीपूरच्या पलीकडल्या एका गावातल्या शाळेत त्या विज्ञान शिकवायला येत, त्याला अकरा वर्षं झाली होती. मुलींनी दहावीनंतर सायन्स घ्यावं म्हणून त्यांनी गावातले इतके उंबरे झिजवले होते, की त्यांची स्कूटी गल्लीत वळली की एखादा बाप मागच्या दारानं सरळ वावर गाठायचा. शाळेच्या फाटकावर त्यांनी फलकच लावला होता, ‘मुली विज्ञानाकडे’. त्यावर रक्षाचा मोठा फोटो होता. परीक्षानळी उजेडात धरून, डोळे बारीक करून ती आत पाहतेय. फोटो मॅडमनी स्वतः काढला होता आणि तो पेपरातही छापून आला होता.

आणि त्याच रक्षानं अकरावीला आर्ट्सचा फॉर्म भरला.

फॉर्म बदलायची मुदत शनिवारी संपत होती. शुक्रवारी संध्याकाळी मॅडम रक्षाच्या वडिलांच्या, डोमाजीच्या चक्कीवर थडकल्या. डोमाजीनं चक्की बंद केली, भुवयांवरचं पीठ झटकलं आणि खुर्ची पुढे सरकवली. मॅडम बसल्याही नाहीत. मुलींना संधी, घराचा उद्धार, जग कुठं चाललंय, असं सगळं उभ्या उभ्याच सुरू झालं.

डोमाजीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “मी कायले अडवू मॅडम? मी तं तिले म्हनलं, सायन्स घे, लागन तं हिंगणघाटले ट्यूशन लावू. थेच आयकत नाई. तुमीच विचारा तिले.”

मॅडमची मोठी पंचाईत झाली. कंबर कसून यावं आणि समोरचा आधीच कबूल असावा, तसं झालं. रक्षाच्या आईनं, मंदाबाईनं घरातून चहा आणला, तिच्यामागून रक्षा आली आणि दाराला टेकून उभी राहिली. भिंतीवर पेपरातला तो फोटो लॅमिनेट करून लावलेला होता.

“काय गं, घाबरतेस कशाला?”

“मले सायन्स येत नाई मॅडम.”

“एक्क्याण्णव मार्क आहेत तुला.”

“पाठ केलं होतं.”

“आणि प्रॅक्टिकल? वीसपैकी वीस आहेत.”

“ते तं तुमीच देल्ले.”

रक्षाच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. असता तर मॅडमना सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळ्या झाल्या असत्या.

“मी आठवीपासून एकडाव बी स्पिरिटचा दिवा पेटवला नाई,” रक्षा म्हणाली. “पोट्टे प्रयोग करत, आमी लिवत होतो अन् नळ्या धूत होतो. अकरावीत समद्यायसमोर करा लागन. तवा काय सांगू, मले फक्त धुता येते म्हनून?”

“अगं, पण हा फोटो...”

“त्यात मी नळी साफ झाली का नाई, ते पाहून राह्यली होती.”

मंदाबाई हसली. तिला वाटलं, लेक गंमत करतेय. डोमाजी हसला नाही. मॅडमनी चहाचा कप तोंडाला लावला आणि जीभ भाजून घेतली.

मुलींनी नळ्या धुवायच्या, हा नियम कुणी केला ते माहीत नाही, असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. पण तो त्यांनीच केला होता. पहिल्या वर्षी मुलांनी धुताना सात नळ्या फोडल्या, तेव्हा त्या वर्गात म्हणाल्या होत्या, मुलींचा हात हळू असतो, त्यांच्याकडे द्या. कौतुकानंच म्हणाल्या होत्या. तेव्हापासून दर वर्षी नव्या मुली आल्या आणि न सांगता नळाकडे गेल्या. बापांच्या नावानं अकरा वर्षं शंख केला, आणि आपल्याच प्रयोगशाळेत आपण काय केलं? मॅडमना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डोमाजीकडे पाहायचंसुद्धा धाडस होईना.

“उद्या नऊला शाळेत ये,” त्या कशाबशा म्हणाल्या. “फॉर्मचं नंतर बघू.”

रक्षा येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण ती पावणेनऊलाच आली. मॅडमनी टेबलावर मोरचूदाचे निळे खडे, नळी आणि दिवा मांडला आणि स्वतः दोन पावलं मागे उभ्या राहिल्या. पहिल्या दोन काड्या रक्षाच्या हातात विझल्या. तिसरीनं दिवा पेटला. चिमट्यात धरलेली नळी तिनं ज्योतीवर फिरवली. या प्रयोगाची आकृती तिनं चार मुलांच्या वह्यांत काढून दिली होती. खडे हळूहळू पांढरे पडले. नळी निवल्यावर तिनं पाण्याचे दोन थेंब टाकले, तशी निळाई परत आली.

रक्षानं नळी उजेडात धरून पाहिली.

“एवढंच होतं का मॅडम?”

तिनं अगदी साधेपणानं विचारलं होतं. मॅडमच्या डोळ्यांपुढे अकरा वर्षांत शिकून गेलेल्या मुली येऊन गेल्या. कुणाचं लग्न होऊन गेलेलं, कुणी दुकानात उभी. एवढंच होतं, आणि तेवढंही दिलं नव्हतं.

“हो गं,” त्या म्हणाल्या. “एवढंच.”

रक्षानं बॅगेतून शाखा बदलायचा फॉर्म काढला. लिहायच्या आधी तिचा हात सवयीनं नळीकडे गेला, उचलून धुवायला.

“ठेव ती. मी धुते. तू लिही.”

मॅडम नळी घेऊन नळाशी गेल्या. बुडाशी खडा चिकटून बसला होता, बोट काही पोचेना. त्यांनी बेसिनच्या वर पाहिलं, बाजूला पाहिलं, एक कपाटही उघडून पाहिलं.

“रक्षा,” शेवटी त्यांनी हळूच विचारलं, “ब्रश कुठं असतो गं?”

“खालच्या फळीवर मॅडम,” मान वर न करता, सायन्सच्या चौकटीत खूण करत रक्षा म्हणाली. “डाव्या बाजूनं.”